संशोधनातील सचोटी : टक्केवारीपलीकडचा प्रश्न

संशोधन ही सत्यशोधनाची पद्धतशीर प्रक्रिया होय. ज्याचे श्रेय त्याला देणे हा या पद्धतीचाच एक भाग आहे. पिंपरीतील संत तुकाराम नगर ज्या संतकवीचे नाव धारण करते, त्याच्या गाथेत या नियमाच्या भंगाची नोंद सापडते. दुसऱ्याचे कवित्व आपले म्हणून मिरविणाऱ्या सालोमालोचा तुकोबांनी नाव घेऊन समाचार घेतला आहे. ‘प्रभात’च्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या चित्रपटामुळे हे पात्र घरोघरी पोहोचले. अर्थात सालोमालोला त्याबद्दल वेतनवाढ मिळत नव्हती. आज त्याच परिसरात अभिमत विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय आणि यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे; आणि संशोधनलेखाशी पदवी, पदोन्नती व मानांकन जोडले गेले आहे.

संशोधनातील गैरवर्तनाचे तीन प्रमुख प्रकार मानले जातात : नसलेली आधारसामग्री निर्माण करणे, असलेल्या सामग्रीत फेरफार करणे आणि वाङ्मयचौर्य. यांपैकी तिसऱ्या प्रकाराबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र विनियम केले. त्यानुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास विद्यार्थ्याला सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांस एक वर्षाची बंदी आहे आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. प्राध्यापकाच्या बाबतीत हस्तलिखित मागे घेण्यापासून दोन वार्षिक वेतनवाढी रोखणे व तीन वर्षे मार्गदर्शनास मनाई येथपर्यंत दंड सांगितले आहेत. चौकशीसाठी विभाग व संस्था अशा दोन पातळ्यांवर समित्या अपेक्षित आहेत.

या विनियमांतील एक विसंगती मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. व्याख्येत दुसऱ्याची ‘कल्पना’ आपली म्हणून मांडणे हेही वाङ्मयचौर्यच मानले आहे. दंडाची पायरी मात्र साम्याच्या टक्केवारीवर ठरते. संगणकप्रणाली अक्षरांची जुळणी करते. इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत उतरवून स्रोत गाळला, तर अशा जुळणीत ते सहसा सापडत नाही. मराठी माध्यमातून होणाऱ्या सामाजिक शास्त्रे व भाषा या विषयांतील प्रबंधांच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. तेथे चौर्य ओळखू शकतो तो मूळ ग्रंथ वाचलेला मार्गदर्शकच. उलट, विधिवचने, प्रमाणित संज्ञा आणि संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे मोजणीतून वगळलेली असतानाही केवळ आकडा पाहून विद्यार्थ्याला दोषी ठरविले जाण्याचा धोका असतो. म्हणूनच अहवाल वाचला पाहिजे. केवळ त्यावरील टक्केवारी पाहणे पुरेसे नाही.

आधारसामग्रीविषयीचा वाद तर याहून अवघड असतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील एका शोधनिबंधातील प्रतिमांवर आक्षेप आले आणि २००७ मध्ये अमेरिकेतील नियतकालिकाने तो मागे घेतला. भारतात नेमलेल्या तज्ज्ञ समितीने लेखकांना निर्दोष ठरविले. पुढे भारतीय विज्ञान अकादमीने मात्र संबंधित शास्त्रज्ञावर तीन वर्षांची बंदी घातली. एकाच पुराव्यावर तीन ठिकाणी निरनिराळे निर्णय झाले. मूळ नोंदी, अप्रक्रियित प्रतिमा आणि तारीखवार प्रयोगवही जतन करण्याची शिस्त आधीच असेल, तरच अशा प्रसंगी निर्दोष व्यक्तीलाही आपला बचाव करता येतो.

दोष केवळ व्यक्तींचा नाही. २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी गुणांक आणला आणि लेखांची मोजणी सुरू झाली. पीएच.डी.साठीही प्रबंधापूर्वी लेख प्रकाशित करणे बंधनकारक झाले. ती अट २०२२ मध्ये गेली. मागणी वाढली तसा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांची डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी तपासणी केली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १००९ नियतकालिके पाहिली गेली. कोठे पत्ता वा संपादकांची नावे नव्हती, कोठे आयएसएसएन क्रमांक चुकीचा, तर कोठे इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा होता. प्रमुख आंतरराष्ट्रीय सूचींत नसलेल्या अशा नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असे अनुमान अभ्यासकांनी काढले. ती सुचविणारी विद्यापीठेच होती, हे विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके वगळली. पुढे ‘केअर’ यादी आली आणि तिच्या कामाचे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राहिले. २०२५ मध्ये ही यादीही बंद करून नियतकालिकाची पारख करण्याचे काम संस्थांकडे सोपविण्यात आले. आता ‘यादीत आहे’ एवढे उत्तर प्राध्यापकाला देता येणार नाही. संपादक मंडळावरील व्यक्तींना आपले नाव तेथे असल्याचे ठाऊक आहे काय, समीक्षकांचे अभिप्राय लेखकाला प्रत्यक्ष मिळतात काय, शुल्क आधी जाहीर केलेले असते काय आणि चार दिवसांत स्वीकृतिपत्र कसे येते, हे प्रश्न विभागातच विचारावे लागतील. प्रबंध वाङ्मयचौर्यमुक्त असल्याच्या प्रमाणपत्रावर २०१८ च्या विनियमांनुसार सही करायची असते ती मार्गदर्शकाने.