शेषाच्या मस्तकावरील पृथ्वी

श्रावण शुद्ध पंचमीस ठाणे-कल्याणकडील अनेक घरांत पाटावर गंधाने नाग रेखाटून त्याची पूजा करितात. त्या दिवशी जमीन खणू नये, शेत नांगरू नये, असा संकेत आहे. भूमीच्या पोटातील नागास इजा होऊ नये, हा त्यामागील भाव होय.

हा नाग साधासुधा नव्हे. शेषाने पृथ्वी मस्तकावर धारण केली, असे महाभारत सांगते. प्रलयानंतरही जो उरतो तो ‘शेष’. ज्याला अंत नाही तो ‘अनंत’.

इतर देशांच्या सृष्टिकथांतही सर्प भेटतो. बाबिलोनच्या कथेत तिआमत ही सागररूपिणी महासर्पांना जन्म देते. मार्दुक देव तिला मारून तिच्या देहाचे आकाश व पृथ्वी घडवितो. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा इंद्रधनुषी सर्प सरपटत जातो, आणि त्याच्या वाटेने नद्या वाहू लागतात. ऋग्वेदातील वृत्र हा अहि पाणी अडवितो. इंद्र त्याला मारून नद्या मोकळ्या करतो.

इतक्या दूरदूरच्या लोकांना सर्पच का सुचावा? नदीची वळणे पाहा; ती सापासारखीच दिसतात. पाऊस पडताच बिळांत पाणी शिरते आणि साप बाहेर येतात. शिवाय साप कात टाकून जणू नवा होतो. म्हणूनच पाणी आणि नवजीवन यांच्याशी त्याचे नाते जडले असावे.

दूध हे सापाचे अन्न नव्हे. उंदीर खाऊन तो आपल्या भाताची राखण करतो. त्याच्या वाटेस न जाता त्याला जगू देणे, हेच खरे नागपूजन!