घरातला समुद्र आणि सहा आठवड्यांची सबुरी

फिशटँक आणतात मुले आणि त्यांचे अब्बा. सांभाळावा लागतो अम्मीला. हे मी रागाने लिहीत नाही, अनुभवाने लिहिते. चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या हट्टाखातर आमच्या मुंब्र्याच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आली. दुकानातल्या माणसाने सकाळी वाळू, पाणी, दिवा सगळे लावून दिले आणि संध्याकाळी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊनफिशही सोडले. "पाणी तयार आहे ताई, काळजी करू नका," म्हणाला. तिसऱ्या दिवशी फज्रनंतर दिवा लावला, तर एक मासा वाळूवर आडवा पडलेला आणि दुसरा पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकत होता. दुपारपर्यंत तोही गेला. मुलगा सारखा विचारत होता, "अम्मी, आपण तर त्यांना वेळेवर खायला देत होतो ना?"

देत होतो. जरा जास्तच देत होतो, आणि तेही अशा पाण्यात, ज्यात मासा अजून जगूच शकत नव्हता.

त्या दिवशी मला मांजरीची हदीस आठवली. एका स्त्रीने मांजर बांधून ठेवली, तिला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती स्त्री अजाबात सापडली, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. दुसरीकडे हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक लहानसा पक्षी पाळला होता आणि प्रेषित (स.) त्या मुलाकडे मोठ्या मायेने त्या पक्ष्याची विचारपूस करीत, हेही आपण वाचलेले आहे. म्हणजे पाळण्याला मनाई नाही. पण आपण कोंडून ठेवलेला जीव ही आपल्याकडची अमानत आहे, आणि मासा तर आपल्या तहानभुकेची तक्रारही करू शकत नाही.

टाकी रिकामी करून आम्ही सहा महिने तशीच ठेवली. मग मी आधी वाचले, विचारले आणि नव्याने सुरुवात केली. ही दुसरी टाकी तीन वर्षांहून अधिक काळ नीट चालू आहे. तिला रोज पाच मिनिटे आणि आठवड्याला अर्धा तास लागतो.

मरजान बाजारातून आणू नका

सूरह अर-रहमानमध्ये समुद्रातून निघणाऱ्या मोत्यांबरोबर मरजानचा, म्हणजे प्रवाळाचा, उल्लेख आहे. आपल्याकडे मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहे. तिथला परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. लक्षद्वीपची बेटे तर प्रवाळानेच घडवलेली आहेत. तिथे वस्ती जवळजवळ सगळी मुस्लिम, आणि त्यांच्या पायाखालची जमीनच या इवल्याशा जीवांनी बांधलेली.

कठीण सांगाड्याचे सर्व प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या रांगेत बसवले आहे. ते काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. तरीही काही दुकानांत मागच्या खोलीतून हळूच दाखवले जातात. घेऊ नका. 'जिवंत दगड' म्हणून विकला जाणारा दगडही बहुतेक वेळा प्रवाळाच्या बेटावरून तोडलेला तुकडाच असतो. आम्ही भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे छिद्रदार दगड घेतले. सुरुवातीला पांढरेफटक दिसतात, वर्षभरात जांभळे-हिरवे होतात.

टाकी मोठी, माणसे कमी

नवख्या माणसाला वाटते, लहान टाकी सोपी असेल. उलट आहे. वीस लिटर पाण्यात दाण्याचे चार कण सडले की पाणी बिघडते. सव्वाशे लिटरमध्ये तेच चार कण पचून जातात. उन्हाळ्यात लहान टाकी तासाभरात तापते, मोठी सावकाश तापते. तेव्हा तीन फूट लांब, साधारण सव्वाशे लिटरची टाकी घ्या आणि तिच्यात जीव मात्र मोजकेच ठेवा. कमी देखभालीचे सगळे गुपित एवढेच आहे. बाकी जी यंत्रे विकतात, ती गर्दी केलेल्या टाकीची घाण उपसण्यासाठी असतात. आमच्याकडे प्रोटीन स्किमर नाही, आणि आठवड्याला थोडे पाणी बदलत असल्यामुळे त्यावाचून अडलेही नाही.

पाणी, दगड, काच मिळून वजन दीडशे किलोच्या वर जाते. ते प्लायवूडच्या टीव्ही-स्टँडवर ठेवू नका. जागा खिडकीच्या उन्हापासून दूर आणि भिंतीलगत असावी. विजेची प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल.

खर्चाचेही आधीच सांगते. सगळे मिळून आकडा पाच अंकी होतो. घरात शाळेची फी थकली असेल तर हा शौक पुढे ढकललेला बरा. काचेच्या पेटीसाठी उसनवारी करणे इस्राफच.

मीठ कसले, पाणी कसले

आमच्या खालांनी पहिल्याच दिवशी विचारले, "समुद्र एवढा जवळ असताना मीठ विकत कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्या शहरांजवळचे समुद्राचे पाणी सांडपाण्याने भरलेले, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणाही उतरतो. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड असते. समुद्रात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर पुष्कळ क्षार असतात. म्हणून टाकीसाठी वेगळे सागरी मीठ मिळते. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, पण डोळे झाकून नव्हे. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाने मोजायचे. वाचन १.०२५ आले की झाले.

मीठ कालवायचे पाणी नळाचे नको. त्यातले क्लोरीन आणि इतर क्षार टाकीला जाचतात, शेवाळ वाढवतात. पिण्याच्या आर.ओ. यंत्रात चवीसाठी थोडे क्षार राखलेले किंवा परत मिसळलेले असतात, तेही पुरेसे शुद्ध नाही. आर.ओ.ला डी.आय.ची नळी जोडून टी.डी.एस. शून्याजवळ आणावा लागतो. आर.ओ.चे वाया जाणारे पाणी मी बादलीत धरते. लादी पुसायला होते.

आता एक गोष्ट जिच्यात माझी सुरुवातीला फसगत झाली. टाकीतले पाणी रोज उडते, आमच्याकडे लिटरभर तरी. ते कमी झाले की मी खारे पाणी ओतत होते. पण वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहते. खारे पाणी ओतत गेले तर टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. रोजची भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची. खारे पाणी फक्त पाणी बदलताना. पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारे उपकरण मिळते. एकाच यंत्रावर पैसे घालायचे असतील तर मी त्याच्यावर घालीन.

सहा आठवडे रिकामी टाकी

आमचे पहिले मासे मेले ते अमोनियाने. माशाची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया होतो. तो माशाचे कल्ले जाळतो. निसर्गात एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राईट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट. नायट्राईटही टाकीत साठू द्यायचे नसते. नायट्रेट थोड्या प्रमाणात चालते. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. दगडाच्या छिद्रांत त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. कोरे दगड असतील तर कधी जास्तच.

तोवर टाकीत मासा नको. जिवाणूंना खायला हवे म्हणून मी सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा टाकला. जिवाणूंची बाटलीही मिळते, तिने थोडी मदत होते. दर तीन-चार दिवसांनी तपासणीच्या किटने पाहत राहायचे. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राईट चढते, मग तेही उतरते. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, तेव्हाच पाणी तयार.

या काळात घरातल्या लोकांना आवरणे सर्वांत कठीण. पाहुणे विचारतात, "मासे कुठे आहेत?" मुलगा रोज शाळेतून येऊन काचेला नाक लावायचा. मी त्याला तपासणीचे काम दिले. नळीतला रंग पाहून वहीत आकडा लिहायचा, तारीख घालायची. तिसऱ्या आठवड्यात आकडा उतरू लागला तेव्हा त्यानेच आरडाओरडा करून सगळ्यांना बोलावले.

कोण राहील

सातव्या आठवड्यात दोन क्लाऊनफिश आले. क्लाऊनफिशची बंदिस्त पैदास आपल्या देशातही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिची रीत बसवलेली आहे. दुकानदाराला स्पष्ट विचारा, मासा पैदास केलेला आहे की समुद्रातून पकडलेला? पैदास केलेला चिवट असतो, दाणे खातो, आणि समुद्रातला एक कमी होत नाही. तो दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. सिनेमात दिसतो तसा समुद्रफुलाचा सोबती त्याला घरात लागत नाही. समुद्रफूल नवख्याच्या टाकीत बहुधा मरते आणि पाणीही नासवते.

शेवाळ खायला पाच-सहा लहान शंखगोगलगायी आणि शंखात राहणारे दोन खेकडे. महिन्याने एक छोटा गोबी मासा. बस. सव्वाशे लिटरला एवढी वस्ती पुरे. माशांच्या आजारावरचे तांब्याचे औषध या टाकीत कधीही घालू नका. गोगलगायी, खेकडे, प्रवाळ सगळे संपते.

प्रवाळ आला चौथ्या महिन्यात, तोही कठीण सांगाड्याचा नव्हे तर मऊ: मशरूम आणि लेदर. ओळखीच्या एका शौकिनाच्या टाकीत वाढलेले अंगठ्याएवढे तुकडे. दुकानातून घ्यायचे तर आयातीचे कागद आणि बिल मागा. बटणांसारखे दिसणारे झोअँथिड सगळे सुचवतात, पण त्यांच्या काही जातींत अत्यंत जहरी विष असते. हाताला जखम असताना शिवणे किंवा त्यांचा दगड उकळणे जिवावर बेतू शकते. लहान मुलांच्या घरात मी ते आणले नाहीत.

या प्रवाळाचे पोट दिव्यावर भरते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि यजमानालाही देते. निळसर-पांढरा एल.ई.डी. टायमरवर रोज आठ तास पुरतो. पाणी फिरते ठेवायला तासाला दीड-दोन हजार लिटरचा एक पॉवरहेड.

मे महिना

पाणी २५ ते २७ अंशांत हवे. पहिल्या मे महिन्यात आमच्या टाकीत ३१ दिसले. तीन दिवसांत लेदर आखडला आणि मशरूमचा लालसर रंग उडून तो फिका पांढरा पडला. उष्णता वाढली की प्रवाळ अंगातले शैवाल बाहेर टाकतो. मग रंगही जातो आणि अन्नही. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर हेच झाले. मी ते वाचले होते, पण आपल्या दिवाणखान्यात पाहणे वेगळे. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारा छोटा पंखा लावला. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरले. दिवा दोन तासांनी कमी केला. मशरूमला रंग परत यायला अडीच महिने लागले. पंखा चालतो तेव्हा पाणी दुप्पट उडते आणि पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो, हेही लक्षात ठेवा.

लाईट गेली तर आणखी एक सोय लागते: सेलवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप. किंमत मामुली, पण पाच-सहा तासांच्या अंधारात मासे त्याच्यामुळेच तगतात.

जुम्याचा अर्धा तास आणि ईदची सुट्टी

रोज तापमान पाहणे आणि चिमूटभर दाणे, दोन मिनिटांत संपतील एवढेच. जुम्याच्या दिवशी सकाळी बारा लिटर पाणी बदलणे, काच पुसणे, एक तपासणी. नवे पाणी आदल्या रात्री कालवून, त्याच तापमानाचे. महिन्यातून एकदा पॉवरहेड पाण्यात सिरका घालून धुणे. हे काम आता मुलाकडे आहे. न केले तर शुक्रवारची बिर्याणी उशिरा मिळते, असा आमचा करार आहे.

ईदला आम्ही आठ दिवस रत्नागिरीला गावी जातो. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंना दाण्यांचा डबाच दिला. त्या बिचाऱ्या मायेने दिवसातून तीन वेळा मूठ मूठ घालत होत्या. आलो तेव्हा पाणी दुधट आणि गोबी गेलेला. चूक त्यांची नव्हती. आता मी दाण्यांच्या चार पुड्या बांधून त्यांच्यावर तारखा लिहून देते, एक दिवसाआड एक, आणि डबा कपाटात कुलपात ठेवते. निरोगी मोठा मासा एखादा दिवस दाण्याविना सहज राहतो. गोड्या पाण्याची टाकी काठोकाठ भरून निघते. या वर्षी परत आलो तेव्हा काकूंनी एक पुडी तशीच परत केली. म्हणाल्या, "परवा विसरले गं, पण दोघे अगदी मजेत आहेत." पाहिले तर दोघे लेदरच्या खाली वाळू उकरत बसले होते.