बुडालेल्या जहाजाची खतावणी

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काश गावी हौशी मंडळी पाठीला हवेचं नळकांडं बांधून समुद्रात उतरतात. गावात भर रस्त्यात प्राचीन लिशियन शवपेटी उभी आहे. पण मोठा ठेवा निघाला तो समुद्रातून.

१९८२ मध्ये जवळच्या उलुबुरुनपाशी स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला तळाशी 'कान असलेली धातूची बिस्किटं' दिसली. त्याने वर येऊन ते सांगितलं, म्हणून इ.स.पूर्व चौदाव्या शतकातलं जहाज जगाला कळलं. १९८४ ते १९९४ उत्खनन चाललं. बावीस हजारांहून अधिक बुड्या माराव्या लागल्या. माल होता सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील. कांसं करायला हेच प्रमाण लागतं!

लिहायची लाकडी पाटीही मिळाली. तिच्यावरचं मेण गेलेलं, मजकूर पुसलेला. बँकेत जन्म काढलेल्या मला तिचीच हुरहूर लागते. मात्र कोणती वस्तू कुठे पडली होती, यावरून अभ्यासकांनी हिशेब जुळवला.

म्हणून तिथे सुट्टीला जाल तेव्हा खापराचा तुकडासुद्धा उचलू नका. कायद्याने तो गुन्हा आहेच. शिवाय कुणाच्या तरी खतावणीतलं पान फाटतं.