काळोख डिस्कवर मावेना

लांबलचक बाकामागे समितीचे सदस्य ओळीने बसलेत, भोवती मिट्ट काळोख. सिनेटरचा खून एकट्या माथेफिरूने केला, कटबिट काही नव्हता, असा निष्कर्ष वाचून दाखवला जातो. ॲलन पाकुला यांच्या ‘द पॅरलॅक्स व्ह्यू’ (१९७४) मधला हा प्रसंग कटकथांच्या चाहत्यांना पाठ असतो. डिस्कचा दर्जा जोखायलाही तो उत्तम.

याचं कारण छायाचित्रकार गॉर्डन विलिस. ‘द गॉडफादर’मध्ये मार्लन ब्रँडोचे डोळे सावलीत ठेवणारा हाच माणूस. इथे त्याने दुहेरी पंचाईत करून ठेवली. प्रकाश जेमतेम, आणि उंचीच्या जवळपास २.४ पट रुंद चौकटीत वॉरन बेटीचा पत्रकार पुष्कळदा कडेला, एवढासा. व्हिडिओ कॅसेटच्या काळात टीव्हीचा पडदा भरावा म्हणून असल्या चित्रपटांच्या बाजू छाटत. २.४ चं १.३३ करायचं म्हणजे ४४ टक्के चित्र टाकून द्यायचं. माणूस उरतो, त्याला गिळणारी भिंत जाते. मग भीती कशाची वाटणार?

डीव्हीडीवर दुखणं वेगळं. तिथलं एमपेग-२ तंत्र चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडतं आणि डोळ्यांना जाणवणार नाही असा बारकावा टाकून देतं. काटकसरीची कुऱ्हाड बहुधा सावल्यांवरच पडते. त्यात फिल्मचा रवाळपणा, म्हणजे ग्रेन, दर फ्रेमला नवा. आधीच्या फ्रेमवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. डेटा अपुरा पडला की काळ्या कोटावर चौकोन वळवळू लागतात.

यावर उपाय म्हणून ग्रेनच पुसून टाकण्याची खोड काही कंपन्यांना असते. चेहरे मेणाचे होतात ते वेगळंच. ८ बिटच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या २२०च, आणि गडद भागाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्या. ग्रेनच्या थरथरीत त्या झाकल्या जातात. ग्रेन गेला की सावलीत पट्टे उमटतात.

ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते, डीव्हीडीवर १०सुद्धा नाही. क्रायटेरियन या कंपनीने २०२१ मध्ये या चित्रपटाची ४के पुनरुज्जीवित आवृत्ती ब्लू-रेवर आणली. काळ्या-पांढऱ्यामधल्या पायऱ्या मात्र इथेही तेवढ्याच, २२०. १० बिटच्या ४के डिस्कवर त्या ८७७ होतात.

एवढं होऊनही घरचा टीव्ही घात करतो. ‘व्हिव्हिड’ मोड चित्र भडक करतो, नॉइज रिडक्शन उरलासुरला ग्रेन खातं. अलीकडच्या अनेक टीव्हींवरचा ‘फिल्ममेकर मोड’ हे उद्योग बंद करतो. सुरुवातीला चित्र मंद वाटेल, ब्राइटनेस वाढवावासा वाटेल. वाढवू नये. चित्रपटाच्या शेवटाकडे येणाऱ्या सभागृहात छताखालच्या अरुंद पुलांवर वावरणारे लोक धूसरच दिसायला हवेत.