कमी दिवसांचे बाळ आणि दीड महिन्याचा डोस

बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला दीड महिन्याच्या लसीसाठी आणले जाते, तेव्हा त्याच्या प्रसूतीची मूळ तारीख उजाडायला अजून दोन आठवडे असतात. जन्मतारखेच्या हिशेबाने ते सहा आठवड्यांचे झालेले असते आणि वाढीच्या हिशेबाने ते अजून आईच्या पोटातच असायला हवे होते. लसीची तारीख पहिल्या हिशेबाने ठरते, तर टोचणी, उजेड, आवाज आणि हाताळणी सोसण्याची ताकद दुसऱ्या हिशेबाने. लस घेतल्यावर असे बाळ पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा वेगळे वागते, ते या तफावतीमुळे.

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे मानते. धाराशिव जिल्ह्यातल्या घरांत त्याला कमी दिवसांचे, सातमाशे किंवा सरळ ‘पेटीतले बाळ’ म्हणतात. सातव्या महिन्यातले जगते आणि आठव्यातले जगत नाही, असा एक जुना समजही आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितके बाळ सशक्त. अशा बाळाचे अनेकदा काही दिवस किंवा काही आठवडे नवजात अतिदक्षता कक्षातल्या उबेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) जातात. घरी आल्यावर सगळे त्याला फुलासारखे जपतात, आणि या जपण्यातूनच ‘अंगाने जरा भरू दे, मग डोस देऊ’ हा विचार येतो.

हा विचार बाळाला महागात पडू शकतो. आईच्या रक्तातली प्रतिकारद्रव्ये बाळाकडे प्रामुख्याने गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत जातात आणि कमी दिवसांच्या बाळाच्या वाट्याला नेमके तेच आठवडे आलेले नसतात. डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया झाला तर असे बाळच सर्वांत आधी गळून जाते. म्हणून तब्येत स्थिर असलेल्या बाळाला लस जन्मतारखेप्रमाणे, वेळेवर आणि पूर्ण मात्रेत देतात. बाळ लहान म्हणून डोस अर्धा करत नाहीत. फारच कमी वजनाच्या किंवा आजारी बाळाला जन्मानंतर लगेचच्या लसी कधी द्यायच्या, हे डॉक्टर ठरवतात.

राष्ट्रीय वेळापत्रकात सहाव्या आठवड्याची भेट जड असते. तोंडातून पोलिओ आणि रोटाचा डोस, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकल आणि उजव्या दंडाच्या कातडीत पोलिओची छोटी सुई, म्हणजे एका बैठकीत तीन टोचण्या. दहाव्या आठवड्यात फक्त पेंटाव्हॅलंटची सुई असते, चौदाव्यात पुन्हा तीन. बाळाची चिडचिड आणि ताप बहुतेक वेळा पेंटाव्हॅलंटमुळे येतो, कारण तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या घटकात मारलेले अख्खे जंतू असतात. शरीर त्यांना ओळखून झुंज देते, तीच ही गरमी. साधारणपणे हा त्रास पहिल्या चोवीस तासांत सुरू होतो आणि एकदोन दिवसांत ओसरतो.

तान्ह्या बाळाला दुखत नाही, असे एकेकाळी डॉक्टरही मानत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हृदयाजवळच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रियासुद्धा जेमतेम भूल देऊन केली जाई. कन्वलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरने ऑक्सफर्डमध्ये केलेला अभ्यास 1987 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि चित्र पालटले. वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडला होता आणि शस्त्रक्रियेनंतर ती अधिक नीट सावरली होती. आज उलट असे मानले जाते की कमी दिवसांच्या बाळाला वेदना जास्त जाणवते, कारण वेदना दाबून धरणाऱ्या मज्जामार्गांची घडण अजून पुरी झालेली नसते. त्यातून पेटीत असताना टाचेतून रक्त काढणे, सलाईन, नळ्या हे सगळे त्याने आधीच भोगलेले असते.

आईवडिलांचा गोंधळ मात्र होतो तो वेगळ्याच गोष्टीने. हे बाळ दर वेळी टाहो फोडत नाही. त्याचा आवाज लहान असतो, दमही लवकर लागतो. दुखत असेल तर कपाळावर आठी पडते, डोळे घट्ट मिटतात, नाकाच्या बाजूची घडी खोल होते. बोटे फाकतात, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते, अंगावर जांभळट जाळी उमटते. लागोपाठ जांभया, उचक्या, शिंका आणि नजर फिरवून घेणे ही थकव्याची भाषा आहे. शेजारीण म्हणते ‘शांत आहे की’, आणि बाळ प्रत्यक्षात गळून गेलेले असते.

इथेच समजूत घालण्याची नेहमीची पद्धत उलटी पडते. बाळ रडले की एकाने खुळखुळा वाजवायचा, दुसऱ्याने थोपटायचे, तिसऱ्याने दारात नेऊन गाडी दाखवायची. पूर्ण दिवसांचे धट्टेकट्टे बाळ यात रमते. कमी दिवसांच्या बाळाला एका वेळी एकच गोष्ट पेलते. त्याला डोलवणे, त्याच्याशी बोलणे आणि डोळ्यांत पाहणे हे तिन्ही एकदम केले तर रडणे वाढते. त्याला शांत करायचे म्हणजे भोवतालचे कमी करायचे: उजेड मंद, दूरदर्शन बंद, माणसे बाहेर आणि एकच जोडी हात.

ते हात आईचे असतील आणि बाळ तिच्या उघड्या छातीवर असेल, तर त्याहून मोठे औषध नाही. या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा एडगर रे सनाब्रिया आणि नंतर हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी आईच्या छातीलाच पेटी बनवले. अडचणीतून निघालेली ही तोड पुढे खऱ्या पेटीला सरस ठरली, आणि 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांना जन्मल्याबरोबर, दिवसाचे किमान आठ तास ती द्यावी असे सांगितले. लसीच्या दिवशी करायचे तेही हेच. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी ठेवून त्याला आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे. मान एका बाजूला, नाक मोकळे, हनुवटी छातीवर टेकलेली नको, पाय बेडकासारखे मुडपलेले. वरून सुती साडीचा पट्टा सैलसर बांधावा आणि टोचलेल्या मांडीवर दाब येऊ देऊ नये. तासभर तरी हलवू नये. आई दमली तर बाप, आजीही चालतात. बापाची छातीही तितकीच उबदार असते, फक्त तशी रीत आपल्याकडे पडलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत धाराशिवचा पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या घरात बाळ नुसत्या गुंडाळण्याने तापते. तेव्हा वरची दुपटी काढावी, छाती सोडू नये.

दूध हे दुसरे औषध. सुई टोचण्याच्या थोडे आधी किंवा टोचताना अंगावर पाजले तर वेदना कमी होते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे 2015 सालचे मार्गदर्शन सांगते. तोंडाचे डोस मात्र आधी घ्यावेत. बाळ आईच्या कुशीत असतानाच सुई द्यायला सिस्टरला सांगायला संकोच नको. घरी आल्यावर दूध थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा द्यावे, कारण दुखऱ्या अंगाने ओढताना बाळ लवकर दमते. ओढत नसेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजता येते. छाती आणि दूध दोन्ही शक्य नसतील, तेव्हा बाळाचे हातपाय पोटाजवळ घेऊन, एक तळवा डोक्यावर आणि एक पायांवर स्थिर ठेवावा. थोपटू नये, चोळू नये, नुसता धरावा. गर्भातली मिठी असते ती अशीच.

न करण्याच्या गोष्टीही सांगायला हव्यात, कारण प्रत्येक घरात एक जाणती आजी असते आणि तिची माया खरी असते. टोचलेली जागा चोळू नये, तिथे तेल, हळद, शेण काही लावू नये; सूज असेल तर स्वच्छ कापड साध्या पाण्यात भिजवून थोडा वेळ ठेवावे. गुटी नको, आणि मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नको. शेक-शेगडीची धुरी या बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. साडीच्या झोळीत मान पुढे वाकून श्वास कोंडू शकतो, तेव्हा झोपवायचे ते सपाट अंथरुणावर, पाठीवर.

पॅरासिटामॉल आधीच देऊन ठेवू नये. ताप आला किंवा बाळ फार कळवळत असेल तरच, आणि कमी दिवसांच्या बाळाला डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारूनच. मात्रा वयावर नव्हे तर त्या दिवसाच्या वजनावर ठरते, आणि शेजारच्या मुलाची बाटली वेगळ्या ताकदीची असू शकते. अॅस्पिरिन कधीच देऊ नये.

काही खुणा दिसल्या तर घरी समजूत घालत बसण्यात अर्थ नाही. श्वास वीस सेकंद थांबणे, ओठ निळे पडणे, दूध सोडणे, अंग लुळे पडणे, झटका येणे, तीन तासांहून अधिक सलग रडणे, 38 अंश सेल्सिअसचा ताप, आणि तितकेच वाईट म्हणजे अंग गार पडणे. 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या आणि अजून रुग्णालयातच असलेल्या बाळांना लसीनंतर 48 ते 72 तास यंत्रावर पाहिले जाते, ते श्वास थांबण्याच्या याच धोक्यामुळे. बाकीच्यांनी केंद्रावर अर्धा तास थांबावे. दुचाकीवरून परत निघण्याच्या घाईत हा अर्धा तास हमखास टाळला जातो.

घरोघरच्या नवजात सेवेतली आशाताईची शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरातल्या बाळसेवेची ही वाट प्रथम दाखवली, ती 2011 पासून देशभर आहे. बेचाळिसावा दिवस म्हणजेच सहावा आठवडा, म्हणून लसीनंतर काय होईल हे विचारून घ्यायला हाच मुहूर्त चांगला. भूम, परंडा, वाशी, कळंबकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि तिसरा डोस राहतो तो बहुधा तिथेच. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असेल तर पुढचा डोस कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात फुकट मिळतो. ते कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी न ठेवता बाळाच्या दुपट्यांत ठेवावे, आणि रात्री-अपरात्री वाहनासाठी 108 क्रमांक त्याच्याच मागच्या बाजूला लिहून ठेवावा.