पंधराची पाऊणपट

ताम्हिणी घाट उतरून पुणेकर दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याला पोचतो तो बहुधा संध्याकाळी. पौर्णिमा असेल तर समुद्र लांब मागे गेलेला असतो आणि ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते. माझ्या मुलाने तिच्यावर मोटार घातली. बायको म्हणाली, ‘कशाला रे?’ मी गप्प बसलो. हौस मलाही होतीच!

त्या टणक थराखाली पाणी मुरलेले असते. चाक जागीच फिरू लागले की वाळू सैल होते. ॲक्सिलरेटर दाबावा तसे ते खोल जाते.

कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमारास. त्यातून पौर्णिमेचे उधाण, आणि निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच चढते. बँकेत जन्मभर व्याज मोजले, पण हा गुणाकार मला ठाऊक नव्हता.

आठच्या सुमारास गावकरी ट्रॅक्टर घेऊन आले, तेव्हा लाटा चाकांना लागत होत्या. मी दोराची गाठ बघत होतो. ‘काका, आधी पोरीला बाहेर काढा, गाडीचं मागनं बघू,’ एकजण ओरडला. नात मागच्या सीटवर झोपली होती.

मोटार निघाली. खालचा पत्रा मात्र वर्षभरात गंजला.