सिंग, चरणजित

(सु. १९४०–५ जुलै २०१५). मुंबईच्या चित्रपटसंगीतातील एक वादक, वाद्यवृंदसंचालक आणि इलेक्ट्रॉनीय वाद्यांवर रागसंगीत वाजविण्याचा आगळा प्रयोग करणारे संगीतकार. सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट या १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या एकाच ध्वनिमुद्रिकेमुळे त्यांचे नाव जगाच्या संगीतेतिहासात चर्चिले जाते. ही चर्चा ध्वनिमुद्रिका निघाल्यावर नव्हे, तर सु. तीन दशकांनी सुरू झाली. ‘ॲसिड हाउस’ या अमेरिकन नृत्यसंगीतप्रकाराचा उगम शिकागोत नसून मुंबईत आहे, असा दावा तीत पुढे आला. या दाव्यात तथ्य किती, हा सिंग यांच्या कार्यासंबंधीचा मुख्य प्रश्न होय.

सिंग यांची उमेदवारी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून झाली. १९६० नंतरच्या काळात तेथे मोठा वादकवर्ग राबत असे. संगीतदिग्दर्शकाने बांधलेल्या चालीला वाद्यवृंदाचे रूप देण्याचे काम अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक करीत व वादक समोरच्या स्वरलिपीबरहुकूम वाजवीत. ध्वनिमुद्रिकेवर वा पडद्यावर या वादकांची नावे क्वचितच येत. सिंग हे गिटार, बेस गिटार, व्हायोलिन आणि निरनिराळी कळफलकवाद्ये वाजवीत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन आदी संगीतदिग्दर्शकांकडे त्यांनी काम केले. हरे रामा हरे कृष्णा (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गाण्यात ऐकू येणारे ट्रान्झिकॉर्ड हे वाद्य त्यांनी वाजविलेले आहे. हे अकॉर्डियनसारखे दिसणारे, पण विजेवर चालणारे वाद्य असते. चित्रपटगीतांच्या चाली वाद्यांवर वाजवून केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. लग्नसमारंभांतून त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद कार्यक्रम करी व पत्नी सुपर्णा त्यात गात असत.

इलेक्ट्रॉनीय वाद्य मुंबईला त्यापूर्वी अपरिचित होते, असे मात्र नाही. नागिन (१९५४) या चित्रपटातील पुंगीचा प्रसिद्ध नाद पुंगीचा नसून क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्याचा आहे आणि ते कल्याणजी यांनी वाजविले होते. केरसी लॉर्ड यांनी पुढे मूग सिंथेसायझर चित्रपटसंगीतात आणला. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्रणा उभी केली व तेथे काही वर्षे प्रायोगिक रचना झाल्या. पण त्या संस्थेच्या भिंतींबाहेर फारशा आल्या नाहीत. चित्रपटात इलेक्ट्रॉनीय वाद्य मोठ्या वाद्यवृंदातील एक रंग म्हणून येई. सिंग यांनी इतर सर्व वाद्ये दूर सारून केवळ यंत्रांवर भागविले, हे त्यांचे वेगळेपण होय.

ही यंत्रे जपानच्या रोलंड कंपनीची असून सिंग यांनी ती सिंगापूरहून आणली होती. एकूण तीन : ज्युपिटर-८ हा एकाच वेळी आठ स्वर काढू शकणारा कळफलकयुक्त सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे मंद्र स्वरांचे यंत्र. यांतील शेवटचे विशेष महत्त्वाचे आहे. बेस गिटारवादक नसताना एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी, या माफक हेतूने ते १९८१ मध्ये बाजारात आले. त्यात एकच आंदोलक (स्वर निर्माण करणारे मंडल) असतो. त्याच्या नादातील उच्च कंप्रता एका छानकाने कमीअधिक गाळता येतात. त्या छानकाचे अनुस्पंदन वाढविले, की नाद चिरका, ओलसर, बोलल्यासारखा होतो. स्वरांचा क्रम आगाऊ भरून ठेवला, म्हणजे यंत्र तो न थकता पुनःपुन्हा वाजविते. काही स्वरांवर आघात देता येतो व एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय असते. खऱ्या बेस गिटारसारखे ते मुळीच वाजत नाही. त्यामुळे ते खपले नाही. सु. १०,००० यंत्रे तयार झाल्यावर १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले.

त्या वेळी मुंबईत डिस्कोची लाट होती. कुर्बानी (१९८०) मधील ‘आप जैसा कोई’, नाझिया हसन यांची डिस्को दीवाने (१९८१) ही ध्वनिमुद्रिका आणि बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेला डिस्को डान्सर (१९८२) ही तिची ठळक उदाहरणे. चित्रपटांत सर्वत्र तोच ठेका वाजत असताना त्याच ठेक्यावर काही निराळे करावे, म्हणून तबला वगळून राग वाजविण्याची कल्पना आपल्याला सुचली, असे सिंग यांनी उतारवयात मुलाखतींतून सांगितले. यात कोणताही क्रांतिकारक आविर्भाव नाही. एका धंदेवाईक वादकाने बाजारातील चलनी ठेका आणि लहानपणापासून कानांत असलेले राग यांची घातलेली ती सांगड होती.

ध्वनिमुद्रिका एचएमव्हीने काढली. तीत भैरव, ललत, भूपाळी (भूप), तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी असे दहा राग असून प्रत्येकाला सु. पाच मिनिटे दिली आहेत. रागांच्या क्रमात समयचक्र पाळलेले नाही. सर्व रागांना एकच, न बदलणारा, दर मात्रेवर ठाम पडणारा ठेका आहे. वरच्या सप्तकांत ज्युपिटरवर रागाची स्वरवाक्ये व ताना आणि खाली टीबी-३०३ ची सतत फिरणारी स्वरावली, अशी सर्वसाधारण रचना आढळते.

ही रचना परकी वाटत नाही, याची कारणे आपल्या संगीतपद्धतीतच सापडतात. एकल तबलावादनात सारंगी किंवा संवादिनी ‘लेहरा’ धरते. एका आवर्तनाची तीच धून अखंड फिरत राहते आणि तिच्या आधाराने वादक विस्तार करतो. टीबी-३०३ ची फिरती स्वरावली नेमके हेच कार्य करते. फरक इतकाच, की येथे विस्तार तालाचा नसून स्वराचा आहे. या यंत्रात एका आवर्तनात जास्तीत जास्त १६ खाने भरता येतात. त्रितालाच्याही मात्रा १६ असतात, हा योगायोग असला तरी भारतीय वादकाला सोयीचा म्हणावा लागेल. शिवाय रागसंगीतात पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे स्वरसंघात बदलत जात नाहीत. षड्ज अचल असतो. यंत्राची एकसुरी पुनरावृत्ती पाश्चात्त्य गीतात दोष ठरली असती, ती येथे तंबोऱ्याच्या जागी बसते.

मर्यादाही उघड आहेत. टीबी-३०३ मधील घसरण नेहमी सारख्याच वेगाने होते. मींडेचा प्राण तिच्या वाटेत व विलंबात असतो, तो तीत येत नाही. ते मींडेचे केवळ स्थूल अनुकरण होय. कळफलकावरील बारा समान अंतरांच्या स्वरांत भैरवाचे आंदोलित ऋषभ-धैवत किंवा तोडीचा अतिकोमल गांधार मिळत नाही. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० पासून सु. तीस वर्षे संवादिनी बंद ठेवली होती. त्या कसोटीवर ही ध्वनिमुद्रिका रागाची प्रतिष्ठापना नव्हे, रेखाचित्रच ठरते. परंतु मालकंस, कलावती व बैरागी यांसारख्या औडव रागांची रेखाचित्रे स्वच्छ उतरली आहेत. पाचच स्वर असल्याने यंत्राला चुकण्यास वाव कमी राहतो. ललतातील दोन मध्यमांची जोडी पंचमाच्या अभावी जी ओढ निर्माण करते, तीही यांत्रिक ठेक्यावर अनपेक्षितपणे खुलते. ध्वनिमुद्रिका खपली मात्र नाही. रागप्रेमींना ती थिल्लर वाटली असावी आणि डिस्कोच्या गिऱ्हाइकाला तीत गाणेच नव्हते. सिंग आपल्या नेहमीच्या कामाकडे परतले.

इकडे शिकागोत हीच न खपलेली यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. डीजे पिअर, स्पँकी व हर्ब जे या तिघा तरुणांनी ‘फ्यूचर’ हा गट स्थापून टीबी-३०३ चे खटके ध्वनिमुद्रण चालू असतानाच फिरविण्याचा प्रयोग केला. त्यांची ध्वनिफीत रॉन हार्डी यांनी आपल्या नृत्यगृहात वाजविली व श्रोत्यांनी ती उचलून धरली. निर्माते मार्शल जेफरसन यांनी तिची लय थोडी उतरवून तिला अंतिम रूप दिले आणि १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने ती ट्रॅक्स या संस्थेतर्फे प्रसिद्ध झाली. ॲसिड हाउसचा प्रारंभ तेथून मानतात. तो नाद ब्रिटनमार्गे यूरोपभर पसरला आणि १९९० च्या सुमारास परदेशी प्रवाशांबरोबर गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचला. मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर तो वाजत होता; पण मुंबईतील ध्वनिमुद्रिकेची त्याला वार्ता नव्हती.

ती वार्ता एडो बाउमन या डच संग्राहकामुळे लागली. २००२ मध्ये भारतातील जुन्या ध्वनिमुद्रिका धुंडाळताना त्यांना ही प्रत मिळाली. पुढे त्यांनी सिंग यांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेतर्फे तिची नवी आवृत्ती काढली. पाश्चात्त्य श्रोत्यांपैकी काहींनी हे कोणा यूरोपीय संगीतकाराने जुन्या नावाखाली रचलेले कुभांड असावे, अशी शंका घेतली. मुंबईच्या एका लग्नवाद्यवृंदाच्या चालकाकडून असे काही झाले असेल, हे त्यांना संभवनीय वाटले नाही. मूळ प्रती व खुद्द वादक हयात असल्याने ही शंका टिकली नाही.

अग्रक्रमाच्या दाव्याबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. टीबी-३०३ व टीआर-८०८ यांच्या जोडीवर आधारलेली पूर्ण लांबीची नृत्यलयीची ध्वनिमुद्रिका म्हणून सिंग यांचे काम शिकागोच्या पाच वर्षे आधीचे आहे, हे निर्विवाद. टीबी-३०३ चा वापर मात्र त्या काळात अन्यत्रही होत होता. स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूस या गटाचे ‘रिप इट अप’ (१९८२) हे त्याचे उदाहरण. शिवाय शिकागोच्या तरुणांनी सिंग यांना ऐकले होते, याला काहीही पुरावा नाही. ज्याची परंपरा चालली नाही, त्याला परंपरेचा जनक म्हणता येत नाही. दोहोंचा हेतूही भिन्न आहे. फ्यूचरच्या रचनेत नादाचा बदलता पोत हाच विषय आहे व स्वर दुय्यम आहेत. सिंग यांच्याकडे विषय रागाचा आहे आणि पोत ओघाने येतो. ‘ॲसिड हाउसचे जनक’ या बिरुदाने सिंग यांचा गौरव होण्याऐवजी त्यांच्या कामाचे मोजमाप दुसऱ्याच्या पट्टीने होते. त्यांचे काम लेहऱ्याच्या आणि तंबोऱ्याच्या बाजूने ऐकले, तरच त्याचा नेमका अर्थ लागतो.

पुनर्प्रकाशनानंतर, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, सिंग यांनी २०१२ पासून यूरोपात या रचनांचे कार्यक्रम केले. त्यांत डच वादक योहान्झ वेस्टरमन यांची साथ असे. २०१५ मध्ये पत्नी सुपर्णा यांच्या मागोमाग थोड्याच काळात त्यांचे मुंबई येथे निधन झाले.